‘राइट’च्या पानातला नांगर

रघू,

काल तुझ्या आईनं अर्धी डिक्शनरी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "घे रं केशा. तुजं अर्दं तुज्यापाशी हाय, ह्ये त्याचं. आता जोड."

एवढं बोलून काकी आत गेली. भात सडायचं राहिलं होतं. मी ओट्यावर बसून राहिलो. आतून मुसळाचा आवाज येत होता आणि माझ्या पुढ्यात एनपासून झेडपर्यंतचे सगळे इंग्रजी शब्द पडले होते. खालापूरच्या तळावरून शिपायानं तुझं गाठोडं आणलं, त्यात एक धोतर, तुझा बोरू आणि हे एवढंच होतं. तुला पाताळगंगेच्या काठी अग्नी दिला म्हणतात. मी तिथं नव्हतो. मी त्या दिवशी कर्जतच्या बाजारात एका गोणीवर उभा राहून लोकांना हक्क म्हणजे काय ते समजावून सांगत होतो.

हे मी छापणार आहे, म्हणजे इतरही वाचतील. पण बोलतो आहे तुझ्याशी. तुझ्याशी बोलायचं सोडून मी सहा महिने सगळ्या तालुक्याशी बोलत होतो. त्याची ही शिक्षा की आता बोलायला बसलो तर तू उत्तर देणार नाहीस.

करीमचाचांचं नेरळचं दुकान आठव. माथेरानच्या बंगल्यांतली रद्दी त्यांच्याकडे यायची आणि ते तिच्या पुड्या बांधायचे. आपण घासलेट आणायला गेलो तेव्हा ते एका जाड पुस्तकाची पानं फाडत बसले होते. एचा सगळा कुटुंबकबिला आणि बीचा बराचसा भाग जिऱ्यामिऱ्याच्या पुड्या होऊन नेरळच्या स्वयंपाकघरांत पोचला होता. तू ओरडलास, "चाचा, थांबा! त्यात शब्द हायत!" चाचा म्हणाले, "शब्द हायत म्हनूनच सस्तं मिळालं. कोरा कागद परवडतो का?" मग चार रविवार आपण त्यांचं दुकान झाडलं, गोणी रचल्या आणि उरलेलं पुस्तक घेऊन आपल्या पोशीर गावापर्यंत पळत आलो.

वाटणी तुझ्या उंबऱ्यावर झाली, कोयत्यानं. मी बीपासून एमपर्यंत मागितलं. माझा मामा मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायचा, त्याच्याबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचून मी वाढलो होतो. त्यांतले मोठे शब्द, स्वातंत्र्य, समता, न्याय, इंग्रजीत सगळे पहिल्या अर्ध्यात येतात हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. मला वाटलं होतं तू भांडशील. तू म्हणालास, "घे तुला काय पायजे त्ये. मला फक्त आर दे."

"आरमदी काय हाय एवढं?"

"राइट हाय."

मी हसलो होतो. कारण तो शब्द आपल्याला आधीच ठाऊक होता असं मला वाटत होतं. नेरळच्या फलाटावर गार्ड हिरवं निशाण हलवून रोज ओरडायचा, "ऑल राइट!" आणि गाडी सुटायची. आपण दोघांनी एकत्र ऐकलेला पहिला इंग्रजी शब्द तो. मी कित्येक दिवस समजत होतो की राइट म्हणजे ‘चल’. तू मात्र गार्डालाच जाऊन विचारलंस. त्यानं तुला हाकललं, आणि त्या दिवसापासून हा शब्द तुझ्या डोक्यात घर करून बसला.

मग तू त्याच्या मागेच लागलास. एके दिवशी धापा टाकत आलास. "केशा, राइट म्हंजे सरळ! मूळचा अर्थ सरळ, वाकडं नाय त्ये. सुताराच्या गुण्यानं जो कोन पडतो त्योबी राइट." मग चार दिवसांनी, "राइट म्हंजे बरोबर, खरं." मग, "राइट म्हंजे उजवा हात." मग सगळ्यात शेवटी, जणू खजिना सापडला अशा आवाजात, "राइट म्हंजे हक्क." एका शब्दात चार माणसं राहतात आणि चौघं एकमेकांचे सख्खे, असं तू म्हणायचास. कर्जतच्या आपल्या मास्तरांनी तुला सांगितलं की या इंग्रजी शब्दाचं आणि संस्कृतातल्या ऋजूचं मूळ एकच. ऋजू म्हणजे सरळ, त्याचंच आपलं उजू झालं आणि उजवा झाला. त्या दिवशी तू जेवला नाहीस. मी म्हटलं, मग लग्न लावून मुलगी उजवली म्हणतात तेही यातलंच का? तू लगेच म्हणालास, "नाय, त्ये उद्यापनातनं आलं. दिसायला भाऊ, पण घर दुसरं." तुझं असंच होतं. आवडीच्या शब्दालाही तू फुकटचं काही दिलं नाहीस.

मला या सगळ्याचा राग यायचा, हे आता कबूल करतो. बाहेर डोंगराच्या कडेनं जंगल खात्याचे दगड पुरले जात होते आणि तू शब्दांची मुळं उकरत बसला होतास. मी म्हणायचो, "मुळं उकरून कुनाचं प्वाट भरतं रं?" तू म्हणायचास, "मूळ ठावं नसलं तर झाड कुनाचं त्ये कसं सांगशील?" मी म्हणायचो, "झाड आमचं. संपलं." तू डोकं हलवायचास. माझं बोलणं तुला पटत नव्हतं की फक्त पुरेसं वाटत नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही.

आणि ते हक्काचं. आपण चाचांना विचारलं होतं की हक्क हा तुमच्याकडचा शब्द ना, त्याचा अर्थ काय. चाचा तराजू खाली ठेवून म्हणाले, "हक म्हंजे खरं. आमच्यात त्ये अल्लाचं नाव हाय. खरं त्ये खरं असतं, कुनी सांगो न सांगो." तू मला कोपरानं ढोसलंस. मी त्याच आठवड्यात ते वाक्य माझ्या पहिल्या पुस्तिकेत घातलं, मोठ्या खिळ्यांत. तू मात्र त्यावर विचार करत राहिलास. परतीच्या वाटेवर म्हणालास, "पन सायबाच्या कागदावर सांगावं लागतं ना रं. सांगितलं नाय तर खरं असून काय उपेग?" मी पुढं चालत होतो. मला ऐकू आलं होतं.

मग तू नोकरी धरलीस. जंगलाच्या चौकशीसाठी साहेब गावोगाव फिरणार, लोकांचे जबाब घेणार, त्याला मराठी समजून इंग्रजीत लिहिणारा कारकून हवा होता. मी तुला दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी शिव्या दिल्या. तू म्हणालास, "कुनीतरी लिवनारच हाय. आपल्यातला लिवील तर निदान नीट लिवील." मी म्हणालो, "त्यांच्या दौतीत बोरू बुडवला की आपल्यातला कुनी उरत नाय." ते वाक्य मला इतकं आवडलं की तेही मी छापलं.

गेल्या मार्गशीर्षात साहेबाचा तंबू पोशिरीत पडला तेव्हा मी मुंबईला मामाकडे होतो, पुस्तिका छापून घेत. मी गावात असायला हवं होतं. हे वाक्य मी कालपासून इतक्यांदा मनात म्हटलं आहे की त्याचा अर्थ झिजून गेला.

चैत्रात शिपाई आले. नेहमीप्रमाणे लोक राबासाठी टहाळ तोडायला निघाले होते. आमच्याकडे रोपाच्या जमिनीवर पालापाचोळा, टहाळ, शेण पसरून तो राब भाजल्याशिवाय भाताचं रोप धरत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं एकदा न भाजलेला तुकडा बघावा. शिपायांनी कोयते काढून घेतले. कागद दाखवला. पोशिरीच्या लोकांना टहाळ तोडण्याचा हक्क नाही, ती सरकारनं दिलेली सवलत होती, ती आता मागे घेतली आहे. कागद इंग्रजीत, अक्षर तुझं.

त्या पावसाळ्यात आमच्या निम्म्या वाफ्यांत भातापेक्षा गवत उंच झालं. बायका दिवसभर वाकून गवत उपटायच्या आणि तुझ्या आईशी कुणी बोलायचं नाही. तिची विहिरीवरची पाळी शेवटची लागू लागली. हे मी पाहिलं. आणि हे माझ्या पुस्तिकेमुळे झालं. ‘हक्क कोणी बुडवला?’ हे तिचं नाव तुला सांगायला नको. तुझं नाव मी लिहिलं नव्हतं. ‘पोशिरीचा एक पोटभरू कारकून’ असं लिहिलं होतं. पोशिरीत कारकून झालेले किती आहेत? मला वाटलं होतं की नाव न घेणं ही माझी सभ्यता.

नेरळच्या रस्त्यावर आपण शेवटचे भेटलो. तू घरी चालला होतास, खांद्याला झोळी.

"छापलंस त्ये वाचलं," तू म्हणालास.

"मग? खोटं हाय त्यातलं काय?"

तू झोळी सावरलीस. "दुसऱ्या पानावर ‘टहाळ’चा ट उलटा पडलाय. मामाला सांग."

"येवढंच?"

"येवढंच."

"लाज कशी नाय वाटत रं रघ्या? सायबाचा उजवा हात झालास नि वर ट बघतोयस?"

तुझा चेहरा मला नीट आठवतो. तू रागावला नाहीस. फक्त म्हणालास, "आबा बरं हायत ना?" माझ्या बापाची चौकशी. मी थुंकलो आणि चालू लागलो.

रघू, मी थुंकलो. हे छापायचं नव्हतं. पण आता ट सरळ बसवून काय करायचं आहे?

दिवाळीनंतर तुझं कार्ड आलं. खालापूरला तळ आहे. ताप येतो. जमल्यास ये. न जमल्यास तुझ्या अर्ध्यात ‘कस्टम’ हा शब्द असेल, मला तो जकातीपुरताच माहीत आहे, त्याचे सगळे अर्थ उतरून पाठव. कार्तिक अखेरच्या आत पाठव.

मी ते कार्ड दोघातिघांना दाखवलं. म्हटलं, बघा, गावाचं रान गेलं आणि हे महाशय अजून शब्दांचे अर्थ गोळा करताहेत. आम्ही हसलो. मी उत्तर लिहिलं नाही. खालापूर काही काशी नव्हे. सकाळी निघालो असतो तर संध्याकाळी तुझ्या उशाशी असतो. माझ्या अर्ध्यातलं पान उघडायला तर तेवढंही चालायचं नव्हतं, ती डिक्शनरी माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती. आठवड्यानं शिपाई गाठोडं घेऊन आला. आणि आणखी चार दिवसांनी कार्तिक संपला.

आता काल. काकी आत भात सडत होती आणि मी आरचं पान उघडलं. म्हणजे ते आपोआपच उघडलं, इतकं तू ते उघडलेलं होतंस. ‘राइट’च्या पानात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर तुझं बारीक अक्षर.

‘प्रश्न: राबासाठी टहाळ तोडता ते हक्काने की सवलतीने? उत्तर: आमचा कसला हक्क? रान देते, आम्ही घेतो. त्याची मेहरबानी. पुन्हा विचारले. उत्तर तेच. तिसऱ्यांदा विचारले, वाडवडिलांपासून तोडता का? उत्तर: होय, आज्याच्या आज्यापासून. पण न विचारता कधी तोडले नाही, तशी रीत आहे. साहेब: वेळ जातो, एका रकान्यात खूण करा.’

त्याखाली तू तीच उत्तरं इंग्रजीत करायचा प्रयत्न केला होतास. एकदा ‘राइट’ लिहून खोडलं होतंस, कारण तसं तो म्हणालाच नव्हता. एकदा सवलतीचा शब्द लिहून खोडला होतास, कारण सरकारचं नाव त्यानं घेतलंच नव्हतं. बाजूला टीप होती: कोशात हक्काच्या अर्थांतच सवलत दिली आहे, दोन्ही एका घरात. साहेबाच्या कागदात मात्र दोन रकाने. तिसरा रकाना नाही. हक्क नाही म्हटले की सवलतच उरते. आणि अगदी खाली, वेगळ्या शाईत: ‘रीत = ? केशाच्या अर्ध्यात पाहणे.’

या सगळ्याच्या मधोमध जबाब देणाऱ्याची निशाणी तू उतरून घेतली होतीस. आमचे शेतकरी सही येत नसेल तर नांगर काढतात. प्रत्येकाचा नांगर निराळा असतो. हा मला पाहताक्षणी ओळखू आला. हातात धरायचं रुमणं जरा जास्तच वाकलेलं, फाळ छोटा. लहानपणी मातीत बोट धरून आबांनी मला हाच नांगर शिकवला होता.

मी आत गेलो. "काकी, तुला ठावं होतं?"

मुसळ थांबलं. "व्हय."

"मग बोलली का नायस?"

"त्यानं आन घातली व्हती. म्हनायचा, आबाचं नाव निघालं तर गाव त्याच्या दारात जाईल. म्हाताऱ्याला या वयात गाव पारखं नको. मी कारकूनच हाय, मला शिव्या पचत्यात." मग ती म्हणाली, "पचल्या नाय रं त्याला. पन म्हनायचा तसं."

मी कागद घेऊन आबांकडे गेलो. ते गोठ्यात दावं वळत बसले होते. मी वाचून दाखवलं. ते ऐकत होते, हात चालूच होते.

"व्हय. मीच बोललो," ते म्हणाले.

"आबा, हक्क नाय असं तुमी म्हनालात?"

"मग काय म्हनू? रान माजं हाय म्हनू?" त्यांचा आवाज चढला. "तू ल्हान असताना एकदा ‘आपलं रान’ म्हनालास तवा मी तुज्या पाठीत धपाटा घातला व्हता त्यो ईसरलास? रानाला आपलं म्हनू नये. रान ऐकतं. शिवंवरच्या दगडाला नारळ देतो, देशील तर नेतो म्हनतो, मग कोयता लावतो. माजा बाप त्येच म्हनाला, त्याचा बापबी. त्या सायबाफुडं मी माजं कसं म्हनू?"

"रघूनं तुमाला तीनदा विचारलं."

आबांचे हात थांबले. "व्हय रं. डोळं मोठं करून विचारीत व्हता. मला वाटलं पोराला कमी ऐकू येतंय. म्हनून मी जोरात बोललो." त्यांनी दावं खाली ठेवलं. "सायबालाबी ऐकू गेलं आसंल."

नंतर त्यांना समजलं. सगळंच एकदम समजलं नाही, हळूहळू समजलं. चैत्रात हिसकलेले कोयते, गवत, काकीची विहिरीवरची पाळी, मी चावडीवर वाचून दाखवलेली पुस्तिका आणि ती ऐकून त्यांनी स्वतः हलवलेली मान. ते म्हणाले, "मी खोटं नाय बोललो केशा." मी म्हटलं, "नाय आबा." ते म्हणाले, "मग आसं कसं झालं?"

मी पुस्तिकांवर वाढलो, रघू. प्रत्येक अन्यायाच्या शेवटी एक नाव असतं आणि ते मोठ्या खिळ्यांत छापायचं, एवढंच मला येतं. आबांवर ओरडू? आज्याच्या आज्यापासूनच्या रीतीनं एक माणूस रानापुढे नम्र राहिला, हा त्याचा गुन्हा? साहेबावर लिहीन, लिहिणारच आहे, ज्यानं दोनच रकाने आखले आणि घड्याळ पाहिलं. पण त्यानं रान परत मिळणार नाही. हरकत घ्यायची मुदत कार्तिक अखेरपर्यंत होती, ती माझ्या फळीवर पडून पडून संपली.

काल घरी येऊन मी माझं अर्धं काढलं. सी. ‘कस्टम’. तू मागितलेस ते सगळे अर्थ आता उतरतो आहे. सवय. दुकानाची गिऱ्हाइकी. जकात, हा तुला माहीत होता. रीत. आणि शेवटचा: लिहून ठेवलेला नसला तरी पिढ्यान् पिढ्या पाळला गेल्यामुळे कायद्याइतकाच धरला जाणारा नियम. बस, रघू. हाच. तुझा तिसरा रकाना. आबांचं एकेक अक्षर त्यात बसलं असतं, काही खोडावं लागलं नसतं, आणि त्यांना ‘माझं’ म्हणावं लागलं नसतं. हरकतीच्या अर्जात तू तेच घालणार होतास ना? त्या साहेबानं मानलं असतं की नाही, कोण जाणे. निदान विचारायचं तरी झालं असतं. कोशकारानं पुढे कंसात लिहिलं आहे की या शब्दाच्या मुळाशी बहुधा ‘आपलंसं करणं’ असा अर्थ असावा. हे वाचून तू जेवला नसतास. मीही काल जेवलो नाही.

मला तुला एवढंच सांगायचं होतं की तू राइट होतास. हा शब्द चारही अर्थांनी घे, तूच तर चौघांना सख्खे म्हणायचास. सरळ होतास, इतका की वाकायची सोय असूनही जबाबात एक अक्षर घुसडलं नाहीस. आणि माझ्यापाशी खरं बोलून मोकळं व्हायचा तुला हक्क होता, तोही तू माझ्या बापासाठी सोडलास. हे मी जिवंत माणसाला म्हणायला हवं होतं, नेरळच्या रस्त्यावर.

तुझं नाव धुवायचं तर आबांचं नाव घ्यावं लागतं. तू जे झाकलंस तेच मला उघडं करायला हवं. रात्रभर मी हे तोलत राहिलो आणि सकाळी आबांनाच विचारलं. ते म्हणाले, "छाप. माजं नाव छाप. मी बोललो त्येच छाप, कमी नको, जास्ती नको." मग म्हणाले, "आन् खाली निशानी घे. त्याशिवाय खरं कोन मानंल?"

मामाच्या छापखान्यात सगळी अक्षरं आहेत, नांगर नाही. म्हणून या पानाच्या खाली दोन बोटं जागा कोरी राहील आणि प्रत्येक प्रतीवर आबा स्वतःच्या हातानं निशाणी काढतील. तुझ्यावरच्या पुस्तिकेच्या मी जितक्या प्रती छापल्या, तितक्याच याच्याही निघणार आहेत. तेवढे नांगर काढून होतील का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नांगरनी काय एका दिसात हुते का?"

पहिला नांगर त्यांनी या हस्तलिखितावर काढला आहे. ते घेऊन मी आत्ताच तुझ्या आईकडे जाऊन आलो. तिनं कागद उजेडाकडे धरला, नांगरावरून बोट फिरवलं आणि ओळखला.

मग वरच्या ओळींवर हात ठेवून म्हणाली, "येवढं सगळं काय लिवलंस रं त्याला? वाच की मला."

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, रघू. तुझं नाव होतं. त्याच्यापुढे मला वाचता आलं नाही.